कुंडीतल्या चेरी टोमॅटोसाठी गणपती ते दिवाळी करायची तयारी

ठाणे किंवा नवी मुंबईत घरच्या गॅलरीत चेरी टोमॅटो लावायचे असतील, तर तयारीला गणपतीच्या दिवसांत लागावे आणि बियाणे सगळ्यांत शेवटी विकत घ्यावे. नवखा माणूस बहुधा याच्या नेमके उलट करतो. बियांचे पाकीट आधी घरात येते, ते हाताला लागेल त्या कुंडीत पेरले जाते, आणि ऊन कुठून मिळणार याचा विचार रोप लांबुडके होऊन एका बाजूला झुकल्यावर सुरू होतो. दिवसाचे तापमान ३२ ते ३५ अंशांच्या पुढे गेले की टोमॅटोचे परागकण निकामी होऊ लागतात आणि फुले नुसतीच गळतात. फळ चांगले धरायला रात्री साधारण १५ ते २१ अंशांच्या लागतात. आपल्याकडे अशा रात्री प्रामुख्याने डिसेंबर ते फेब्रुवारीत मिळतात, म्हणून फुलोरा त्याच काळात यावा असा हिशेब मागून पुढे लावावा. सणांवर तो सहज बसतो: घटस्थापनेच्या सुमारास बी पेरावे, दिवाळीत चार-सहा पानांचे रोप मोठ्या कुंडीत हलवावे, म्हणजे संक्रांतीच्या आसपास पहिली फळे रंग धरू लागतात. घटासाठी बाजारात मिळणारी काळी माती मात्र टोमॅटोच्या कुंडीत एकटी वापरू नये. ती पाणी धरून बसते.

पहिली पाहणी उन्हाची करावी, कारण बाकीची प्रत्येक उणीव पैशाने भरून काढता येते, ही येत नाही. टोमॅटोला निदान ६ तास थेट ऊन हवे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकतो आणि डिसेंबरच्या अखेरीस ठाण्यात तो भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवरच असतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या गॅलरीत ऊन वरच्या स्लॅबखालून थेट आत येते. मे महिन्यात तीच गॅलरी दुपारी सावलीत असते. म्हणजे उन्हाळ्यातल्या अनुभवावरून ‘आमच्याकडे ऊनच येत नाही’ असे ठरवून टाकू नये. उत्तरेकडच्या गॅलरीत मात्र टोमॅटोचा हट्ट सोडून पुदिना लावावा. येऊरच्या डोंगरालगतच्या इमारतींत पश्चिमेचे ऊन डोंगराआड लवकर जाते, बेलापूरला पारसिकच्या टेकड्यांमुळे सकाळचे ऊन उशिरा पोहोचते, आणि दोन्ही शहरांत समोरच्या टॉवरची सावली ही तर ठरलेलीच गोष्ट आहे. यासाठी पाऊस उघडलेल्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी ८ पासून दर तासाला फरशीवर ऊन कुठवर येते त्या जागी खडूने रेघ मारावी. सहा तासांच्या रेघा ज्या कोपऱ्यात पडतील तो कोपरा टोमॅटोचा, मग तिथे कपड्यांचा स्टँड असला तरी तो हलवावा.

त्यानंतर वजनाकडे पाहावे. १२ इंच रुंद आणि तेवढ्याच उंचीच्या ग्रो बॅगमध्ये, म्हणजे झाडे लावायच्या पिशवीत, सुमारे २२ लिटर माती-खताचे मिश्रण मावते आणि पाणी घातल्यावर तिचे वजन १८ ते २० किलोपर्यंत सहज जाते. अशा चार पिशव्या खिडकीच्या बॉक्स ग्रिलमध्ये ठेवणे धोक्याचे आहे. त्या गॅलरीच्या फरशीवर, भिंतीलगत ठेवाव्यात. कठड्यावर तर काहीच ठेवू नये. सोसायटीचे नियम आधी विचारून घ्यावेत आणि प्रत्येक पिशवीखाली खोल ताटली ठेवावी, कारण खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर तांबडे थेंब पडले की बागकामाचा विषय थेट सोसायटीच्या सभेत निघतो.

पहिल्या वर्षी दोन झाडे पुरेशी आहेत. रंगाचा २० लिटरचा रिकामा डबा स्वच्छ धुऊन, तळाला पाच-सहा भोके पाडून वापरला तरी चालतो. भोकांवर जाळीचा तुकडा किंवा खापरी ठेवावी, पण तळाला खड्यांचा थर देऊ नये; त्याने निचरा सुधारतो हा समज चुकीचा आहे, उलट मुळांची जागा कमी होते आणि पाणी त्या थराच्या वर अडून राहते.

मिश्रणासाठी तांबडी माती, चांगले मुरलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समभाग घ्यावे. माती आणि खत घोडबंदर रस्त्याच्या नर्सऱ्यांत पोत्याने मिळते. कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट भिजल्यावर ८-९ लिटर होते, म्हणून दोन पिशव्यांना दोन विटा लागतील. ती भिजवून एकदा-दोनदा पिळून पाणी टाकून द्यावे, म्हणजे त्यातला खारटपणा निघून जातो. प्रत्येक पिशवीमागे दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी. खत हातात घेऊन वास घ्यावा: पावसानंतरच्या मातीसारखा वास आला तर ते तयार आहे, आंबूस किंवा शेणाचा उग्र वास आला तर अजून कच्चे आहे आणि कुंडीत गेल्यावर ते तापून कोवळी मुळे जाळील. हे सारे लावणीच्या दहा-पंधरा दिवस आधी एकत्र करून, जेमतेम ओलसर ठेवून, सावलीत झाकून ठेवावे. मूठभर मिश्रण दाबल्यावर त्याचा गोळा व्हावा आणि बोटाने टोचताच तो फुटावा. गोळा तसाच राहिला तर कोकोपीट वाढवावे.

आता बियाणे. पाकिटावर झाड बुटके आहे की सतत वाढणारे, हे आधी पाहावे. टायनी टिमसारखी बुटकी जात फूट-दीड फुटावर थांबते आणि ८ ते १० इंचांच्या कुंडीतही समाधानाने राहते. नवशिक्याने हीच घ्यावी. सतत वाढणाऱ्या जाती माणसाच्या उंचीच्या वर जातात, त्यांना मोठी पिशवी, उंच आधार आणि दर आठवड्याला बगलफूट, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यात फुटणारे कोंब, काढण्याची शिस्त लागते. मॉलमधून आणलेल्या चेरी टोमॅटोचे बी उगवते हे खरे, पण ती फळे बहुधा संकरित वाणाची असल्याने पुढचे झाड तसेच निघेल याचा भरवसा नसतो.

बी आधी रोपांच्या लहान ट्रेमध्ये अर्धा ते एक सेंटीमीटर खोल पेरावे. ते आठवडाभरात उगवते. अंकुर दिसताच ट्रे उन्हात आणावा. लावणी करताना खालची पाने खुडून खोड निम्म्याहून अधिक मातीत पुरावे, कारण टोमॅटोच्या खोडाला मातीत नवी मुळे फुटतात.

रोप हलवण्यापूर्वीच बांबूच्या काठ्या, सुतळी, पिवळे चिकट सापळे आणि कडुनिंबाचे तेल घरात असावे. काठी लावणीच्या दिवशीच रोवावी, नंतर रोवल्यास मुळे तुटतात. चिकट सापळा पहिल्या दिवसापासून रोपाच्या उंचीला टांगावा. पांढरी माशी पाने चुरडणारा विषाणू पसरवते आणि तो रोग जडलेल्या झाडाला औषध नाही, ते उपटून टाकणेच योग्य. तेलाची फवारणी संध्याकाळी करावी, १ लिटर पाण्यात ५ मिलिलिटर तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब या प्रमाणात. कबुतरांसाठी जाळी लागतेच, नाहीतर ती भरलेल्या पिशवीत बसकण मारतात आणि कोवळे रोप मोडून ठेवतात.

जाळीमुळे आणि उंच मजल्यामुळे भुंगे-माश्या गॅलरीपर्यंत कमी येतात, त्याची सोयही आधीच मनात धरावी. टोमॅटोच्या फुलात नर आणि मादी भाग एकत्रच असतात, पण पराग मधल्या पिवळ्या नळीच्या आत असतो आणि फूल थरथरले तरच तो झडतो. म्हणून फुलोरा आल्यावर सकाळी १० ते १२ च्या दरम्यान, हवा कोरडी असताना, घोसाच्या देठावर मागून बोटाने हलकी टिचकी मारावी. बॅटरीवरचा टूथब्रश देठाला क्षणभर टेकवला तर अधिकच उत्तम.

राहता राहिले पाणी. ते रोज सकाळी मुळाशी द्यावे, पानांवर ओतू नये; बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून ओल लागली तर त्या दिवशी थांबावे. फळे फुटणे आणि त्यांचा तळ काळा पडणे, ही दोन्ही दुखणी बहुतेक वेळा कधी कोरडे तर कधी भरमसाट पाणी दिल्याने होतात, अंड्यांची टरफले घालून ती लगेच थांबत नाहीत. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी क्षारयुक्त असते, ते कुंडीला नेहमी घालू नये. पाणीपुरवठा बंद असण्याच्या दिवसासाठी एक झाकणाची बादली राखून ठेवावी, पिशवीच्या तोंडाशी वाळलेल्या पानांचे किंवा नारळाच्या काथ्याचे दोन इंच आच्छादन द्यावे, आणि नाताळच्या सुट्टीत गावी जायचे असेल तर शेजाऱ्यांना किल्लीबरोबर बोटाने ओल पाहण्याची रीतही प्रत्यक्ष दाखवून जावे.