अळसांद्याची रोपं पिवळी पडतायत? सिटी कंपोस्ट असं वापरा

आपल्या गोव्याची चिऱ्याची लाल माती, पावसात धुपलेली आणि आंबट, त्यात अळसांदे (चवळीचा गोव्याकडचा प्रकार), वाल टाकले की उगवतात पण रोपं तशीच किडकिडीत राहतात. सिटी कंपोस्ट, म्हणजे पालिकेच्या ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट, मिळत असेल तर ते घ्या, फक्त गोणी फोडून थेट वाफ्यात ओतू नका, मी तेच केलं होतं आणि अर्धं बी जळालं.

१. आधी वाळू चाळायच्या जाळीतून चाळा. काच, प्लास्टिक, बाटलीची झाकणं, काय काय निघतं म्हणून सांगू! हातमोजे घालाच.
२. एक घमेलं कंपोस्टला तीन घमेली माती, नीट कालवून, ओलसर करून पंधरा दिवस सावलीत झाकून ठेवा. गरम लागलं किंवा कुबट वास आला तर अजून थांबा.
३. मग दहा बिया त्यात आणि दहा नुसत्या मातीत लावून बघा, खतातल्या कमी उगवल्या तर माती वाढवा.

वरून युरिया नको, हवेतला नत्र रोपाला मिळवून देणाऱ्या मुळांवरच्या गाठी कमी धरतात. आणि मिश्र कचऱ्याचं खत असेल तर त्यात जड धातू असू शकतात, पालेभाजीला तरी ते टाळा.