गिटारवरचं गाणं डान्सच्या ठेक्यावर नेताना

९० बीपीएमला (मिनिटाला ९० ठोके) बसवलेलं गाणं थेट १२५ ला ताणू नका. आवाज चिरका, पत्र्यासारखा होतो. क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या टिक-टिक ठेक्यावर, नव्यानं गा. कडवी निम्मी झाली तरी चालतं, धृपद मात्र शाबूत हवं.

१२५ बीपीएमला एक ठोका ४८० मिलिसेकंदांचा. किक (ड्रमचा जाड, खालचा ठोका) बारच्या, म्हणजे एका आवर्तनाच्या, चारही ठोक्यांवर. गिटार १५० ते २०० हर्ट्झखाली कापा, नाहीतर तिच्या जाड तारा बेसमध्ये गुंततात आणि सगळं गढूळ होतं. बेसवर किकचा साइडचेन लावा, म्हणजे किक वाजली की बेस आपोआप दबतो: अटॅक (दबायला लागणारा वेळ) अगदी कमी, रिलीज (पुन्हा वर यायला लागणारा वेळ) १५० ते २०० मिलिसेकंद. रिलीज फार लांबला तर पुढची किक आली तरी बेस वर आलेलाच नसतो. मग लोक उगाच व्हॉल्यूम वाढवत बसतात.

कोल्हापुरात हलगी असताना विकतचे लूप कशाला? माइक तीन-चार फुटांवर, जरा तिरका ठेवा. पानासमोर (हलगीच्या कातड्यासमोर) अगदी जवळ लावला तर काडीचा फटका क्लिप होतो, म्हणजे रेकॉर्डिंगची मर्यादा ओलांडून फाटतो. पीक (सगळ्यात मोठा ठोका) उणे १० डीबीच्या आसपास राहू द्या. नंतर प्रत्येक बारचा फक्त पहिला ठोका ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या ठोक्यांच्या रेघांवर, जुळवा. सगळेच ठोके ओढून बसवले की ठसका गेलाच म्हणून समजा.

१२० हर्ट्झखालचं सगळं मोनो, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला एकच आवाज. मिरवणुकीतल्या बेसच्या भिंतीला बहुधा मोनोच सिग्नल जातो. तिथं स्टिरिओ बेसचे दोन्ही चॅनेल एकमेकांना खाऊन टाकू शकतात. डीजेला जोडता यावं म्हणून सुरुवातीला आणि शेवटी १६-१६ बार नुसता ठेका ठेवा.