घर बघायला निघण्याआधी नकाराची यादी करा

घर शोधायला निघालेल्यांच्या हातात एक यादी असतेच. खोल्या किती, बाल्कनी हवी, ओटा लांब हवा, भिंतीतली कपाटं हवीत. कशामुळे घर सोडून द्यायचं, याची यादी मात्र फारसं कुणी करत नाही. घर आवडून गेल्यावर ती करायला बसलं तर प्रत्येक ओळ खोडायला काहीतरी कारण सापडतंच. म्हणून ती पहिलं घर बघण्याआधी, कागदावर करायची.

करताना प्रत्येक दोषाला एक प्रश्न विचारा: हा दुरुस्त करणं कुणाच्या हातात आहे? रंग, फरशी, नळ, दिवे, ओट्याखालची कपाटं तुमच्या हातात आहेत. पैसे आणि काही आठवडे खर्च केले की ती बदलतात. इमारतीच्या गच्चीची गळती, वरच्या घराच्या बाथरूममधून पाझरणारं पाणी, लिफ्ट, सांडपाण्याची मुख्य वाहिनी यांसाठी इतरांची संमती आणि त्यांचाही पैसा लागतो. आणि खिडक्यांची दिशा, समोरचा रस्ता, छताची उंची, आजूबाजूच्या जमिनीचा उतार तर कुणाच्याच हातात नाही. घर सोडायचं ते शेवटच्या दोन गटांतल्या दोषांमुळे. होतं बरोबर उलटं: बाथरूमच्या टाइलचा रंग पटला नाही म्हणून घर सोडलं जातं आणि बेडरूमच्या खिडकीसमोरच्या मोकळ्या प्लॉटवर उद्या काय उभं राहणार, हे कुणी विचारत नाही.

घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने एकमेकांना न दाखवता ५ ‘हवंच’ आणि ३ ‘चालणारच नाही’ लिहावेत, मग कागद शेजारी ठेवावेत. जिथे मतं जुळत नाहीत तिथला वाद आत्ताच मिटवा. विक्रेत्यासमोर तो झाला तर भाव करण्याची ताकद जाते. ‘जवळ’, ‘मोठं’, ‘शांत’ असे शब्द लिहू नका. कामाच्या दिवशी सकाळच्या गर्दीत दारापासून दारापर्यंत ४० मिनिटं, असं लिहा.

मापांचंही तसंच. १.८ × २ मीटरच्या पलंगाला तिन्ही बाजूंनी ६० सेंटिमीटर वाट सोडली तर ३ × २.६ मीटर जागा लागते. पायथ्याशी ६० सेंटिमीटर खोल कपाट हवं असेल तर ३ × ३.२. रिकामी खोली डोळ्यांना फसवते, आणि मुद्दाम छोटा पलंग टाकून सजवलेली त्याहून जास्त. टेप सोबत ठेवा आणि घरातल्या मोठ्या सामानाची मापं लिहून न्या. फ्रिज दारातून जाईल का आणि सोफा जिन्याच्या वळणावर वळेल का, हेही तेव्हाच बघा.

दिवसाला ३ घरांपेक्षा जास्त बघू नका. चौथ्याला पहिल्याची बाल्कनी चिकटते. बाहेर पडल्यावर १० मिनिटांत टिपण करा आणि फोटोंची सुरुवात दारावरच्या नंबरापासून करा.

आधी बाहेरून

बेल वाजवण्याआधी इमारतीला एक फेरी मारा. स्वतंत्र घर असेल तर जमिनीचा उतार भिंतीपासून दूर जायला हवा. पहिल्या ३ मीटरमध्ये साधारण १५ सेंटिमीटर. उतार भिंतीकडे असेल तर प्रत्येक पावसाचं पाणी घराच्या पायात मुरतं. कुंपणाच्या भिंतीवर एका उंचीवर आडवी मळकट रेघ दिसली तर तिथवर पाणी चढलं होतं असं समजा, आणि शेजाऱ्यांना विचारा. विक्रेत्यापेक्षा शेजारी जास्त सांगतात.

काँक्रीटच्या इमारतीत बाल्कन्यांच्या खालच्या बाजूकडे मान वर करून बघा. गिलावा सुटलेला, तपकिरी डाग, उघड्या पडलेल्या सळया दिसल्या तर आत गंज चालू आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो, त्यामुळे तो आतून काँक्रीट फोडतो. तुमच्या घरातला तुकडा दुरुस्त करून हे थांबत नाही. पूर्ण इमारतीचं काम मंजूर होऊन त्याचे पैसे जमा झालेले नसतील, तर हे घर यादीतून काढा.

तडे

सगळे तडे सारखे नसतात आणि तडा दिसला म्हणून लगेच पळायचंही नाही. जाळ्यासारख्या, १ मिलिमीटरहून बारीक भेगा बहुतेक वेळा गिलावा सुकताना आकसल्याच्या असतात. बीम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यावरची सरळ बारीक रेघही सहसा दोन वेगळ्या मालांच्या आकसण्या-फुगण्याची. काळजी करायची ती खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरप्या निघालेल्या तड्याची, विटांच्या सांध्यांतून जिन्यासारख्या पायऱ्या घेत गेलेल्याची, किंवा एका टोकाला अरुंद नि दुसऱ्या टोकाला रुंद असलेल्याची. पाया एका बाजूला जास्त खचला की भिंत अशी फाटते. रुंदी ५ मिलिमीटरच्या वर असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. खांबाच्या किंवा बीमच्या लांबीला धरून गेलेला तडा बारीक असला तरी गंभीर समजायचा. आतली सळई त्याच रेषेत असते.

एका भेटीत तडा वाढतोय की थांबलाय हे मोजता येत नाही, पण एक खूण मिळते. पूर्वी बुजवलेला तडा त्याच जागी परत उघडला असेल तर हालचाल अजून चालू आहे. त्याच खोलीतलं दार चौकटीला घासत असेल किंवा फरशीवर ठेवलेली गोटी एकाच कोपऱ्याकडे धावत असेल, तर शंका पक्की होते. नुसती गोटी मात्र पुरावा नाही. फरशी बसवणाऱ्यानेही तो उतार ठेवलेला असू शकतो.

ओल

ओल कुठून येते यावर सगळं अवलंबून आहे. जमिनीतून चढणारी ओल तळमजल्याच्या भिंतीत साधारण १ मीटरपर्यंत दिसते: पोपडे, पांढरा लोणा, फुगलेला रंग. वरून येणारी ओल छतावर तपकिरी कडेचा डाग सोडते. तिसरी हवेतली. बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात आणि कपाटामागे काळी बुरशी येते. खिडक्या उघडल्या, एक्झॉस्ट फॅन लावला की ती बरीच आटोक्यात येते, त्यामुळे ती नकाराचं कारण नाही. वरून येणाऱ्या ओलीत फरक एवढाच की स्वतंत्र घराचं छप्पर तुम्ही दुरुस्त करू शकता; फ्लॅटमध्ये मात्र वरच्या मालकाने दार उघडलं तरच काम होतं.

नक्की कळत नसेल तर मालकाच्या परवानगीने भिंतीवर ३० सेंटिमीटरचा चौकोनी अ‍ॅल्युमिनियम फॉइल चारही कडांनी टेपने हवाबंद चिकटवा. २४ तासांनी भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर ओल भिंतीतून येते, खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेतून.

एकाच भिंतीला ताजा रंग, एकाच कोपऱ्यात जड कपाट, फक्त एका खोलीत फॉल्स सीलिंग असेल तर मागे काय आहे ते विचाराच. त्या सीलिंगमधला एक दिवा काढायला सांगून टॉर्चने वर बघता येतं.

पाणी आणि निचरा

पाणी कुठून येतं, किती तास येतं, साठवण किती, हे तीन प्रश्न विचारा. मग १० लिटरची बादली टाकीपासून सर्वांत लांबच्या नळाखाली लावा. मिनिटभरात भरली तर दाब चांगला. २ मिनिटांहून जास्त लागली तर कमी. आता शॉवर चालू ठेवून फ्लश दाबा आणि ओट्याचा नळ उघडा. शॉवर मेला तर पाइप अरुंद आहेत किंवा आतून क्षार धरून बसलेत.

बाथरूमच्या सर्वांत लांबच्या कोपऱ्यात एक बादली ओता. मीटरला सुमारे १ सेंटिमीटर उतार असेल तर पाणी डबकं न करता जाळीकडे जातं. गुडगुड आवाज आला तर हवेचा पाइप तुंबलेला असू शकतो. बंद घरात गटाराचा वास आला म्हणून घाबरू नका: नहाणी ट्रॅपमध्ये वास अडवणारं सुमारे ५ सेंटिमीटर पाणी असतं, वापर नसला की ते सुकतं. पाणी ओता, खिडक्या उघडा, १५ मिनिटांनी परत या. तरीही वास असेल तर प्लंबर आणा.

वायरिंगचं थोडक्यात. बोर्डवर ३० मिलिअँपिअरचं, विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारं संरक्षक उपकरण आहे का बघा आणि मालकाला त्याचं टेस्ट बटण दाबायला सांगा; वीज लगेच बंद झाली पाहिजे. सॉकेटवर काळे डाग असतील किंवा अर्थिंग नसेल तर खर्च धरा, आणि त्यात भिंती खोदून परत गिलावा-रंग करण्याचाही खर्च घाला. लाकडी चौकटींवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. पोकळ आवाज आणि मातीच्या बारीक नळ्या म्हणजे वाळवी.

एकाच वेळी बघून ठरवू नका

आवडलेलं घर आणखी दोनदा बघा, एकदा रात्री १० नंतर आणि जमलं तर एकदा मोठ्या पावसानंतर. संगीत, पंखे, एसी बंद करायला सांगून बेडरूममध्ये ५ मिनिटं गप्प उभे राहा. लिफ्टच्या मशीनचा, पाण्याच्या पंपाचा किंवा ट्रान्सफॉर्मरचा बारीक घुमणारा आवाज गप्पांमध्ये कळत नाही, झोपताना मात्र तोच ऐकू येतो. दुपारच्या भेटीत सगळे दिवे घालवून बघा. पश्चिमेची मोठी काच दुपारनंतर खोली तापवते. दिशा मोबाइलच्या होकायंत्राने बघा, पण लोखंडी ग्रिलपासून लांब उभे राहून.

कागदपत्रं तुमच्या स्वतःच्या वकिलाने तपासावीत, विक्रेत्याने सुचवलेल्या नाही. मालकी, घरावरचं कर्ज आणि मंजूर नकाशा यात बघायचा. नकाशात बाल्कनी असलेली जागा आज खोली झाली असेल तर ती खोली तुम्ही विकत घेत नाही, तिचा धोका घेता.

उरलेल्या दोषांचा लेखी अंदाज कंत्राटदाराकडून घ्या, त्यावर १५ टक्के वाढवा आणि भाव करताना तो कागद पुढे ठेवा. विसाराची रक्कम देण्याआधी एक अट लिहून घ्या: तपासणीत किंवा कागदपत्रांत गंभीर दोष निघाला तर रक्कम अमुक दिवसांत परत. ही अट लिहायला विक्रेता तयार नसेल, तर तेही नकाराच्या यादीत असू द्या.