कॉलेजची वेबसाइट तुमच्या गळ्यात पडली असेल तर

सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) लागलेल्या माणसाला कॉलेजात दोन गोष्टी हमखास मिळतात: सकाळी सातचा तास आणि वेबसाइट. मला पहिल्याच वर्षी दोन्ही मिळाल्या. 'तुम्ही कॉम्प्युटरचे ना? मग नॅकच्या आधी करून टाका,' एवढं बोलून प्राचार्य मीटिंगला गेले. (नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करून श्रेणी देणारी संस्था.) त्या 'करून टाका'मध्ये माझे आठ महिने गेले, आणि त्यातले पाच निव्वळ वाया.

डोमेन (साइटचं नाव), होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा), वर्डप्रेस (साइट चालवायचं सॉफ्टवेअर) बसवणं तुम्हाला येतं असं धरून चालतो. नसेल येत तर आठवड्यात येईल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. घाबरायचं ते पानांच्या मांडणीला.

माझं असं झालं. एका रविवारी युट्यूबवर 'दोन तासांत कॉलेज वेबसाइट' बघितलं. त्यातल्यासारखीच तयार थीम (साइटचं रूप ठरवणारा संच) घेतली, सोबत पेज बिल्डर, म्हणजे माउसने ओढून पान रचायचं प्लगइन (वरून जोडायचं सॉफ्टवेअर). डेमो देखणा होता: हिरवळ, हसणारी पोरं, मोठे मथळे. मी मराठी विभागाचं पान बनवलं. डावीकडे विभागांची यादी, मधे प्राध्यापकांचा तक्ता, उजवीकडे सूचनांची चौकट, खाली कार्यालयाचा पत्ता-फोन. छान जमलं. मग डुप्लिकेटचं बटण दाबत सुटलो. इतिहास, भूगोल, वनस्पतिशास्त्र, ग्रंथालय, वसतिगृह, परीक्षा विभाग... महिन्याभरात ४६ पानं. स्टाफरूममध्ये कौतुक झालं, चहासुद्धा आला.

जूनमध्ये कार्यालयाचा फोन नंबर बदलला.

तो नंबर ४६ ठिकाणी सुटा सुटा लिहिलेला होता, कारण ती खालची चौकट प्रत्येक पानाच्या मजकुरातच होती. मी एकेक पान उघडून बदलत बसलो. दोन पानं राहिली आणि ती नेमकी प्रवेश आणि वसतिगृहाची. एक पालक दोन दिवस बंद नंबरवर फोन लावून शेवटी एसटीने आले आणि कार्यालयात सगळ्यांसमोर जे बोलले ते बरोबरच होतं.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. वर्षाने बिल्डरचा परवाना संपला. नूतनीकरणाचा अर्ज लेखा विभागात पडून राहिला. मधेच होस्टिंगवाल्याने पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिची) आवृत्ती वाढवली आणि जुना बिल्डर कोलमडला. तो बंद केला, तर पानांवर मजकुराच्या जागी चौकटी कंसांतली सांकेतिक भाषा, तिच्यात मधेमधे अडकलेली 'प्रा.' आणि 'डॉ.' मंडळी. नॅकची टीम यायला तेव्हा अकरा दिवस होते.

हे का झालं ते नीट समजून घ्या. पुढचं सगळं विसरलात तरी चालेल.

पानात फक्त मजकूर असावा. मांडणी टेम्पलेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, असावी. वर्डप्रेस पानाचा मजकूर डेटाबेसमध्ये ठेवतं आणि तो कसा दिसायचा ते टेम्पलेट ठरवतं. माझ्या बिल्डरने रकाने, रंग, अंतरं हे सगळं आपल्या भाषेत मजकुराच्याच रकान्यात कोंबलं होतं. म्हणजे विटांवरच घराचा नकाशा कोरायचा आणि पुढे एक खिडकी सरकवायला प्रत्येक वीट खरवडायची. डुप्लिकेट दाबताना आपण साचा वापरतोय असं वाटतं, पण खरं तर ४६ सुट्या प्रती जन्माला घालत असतो. त्यांचा एकमेकींशी काही संबंध उरत नाही.

थीम पसंत करण्याआधी चाचणीच्या साइटवर पाच मिनिटं काढा. एक पान बनवा. मग सगळी प्लगइन बंद करून वर्डप्रेसची साधी डीफॉल्ट थीम लावा. पान कुरूप दिसलं तरी मजकूर सरळ वाचता येत असेल, तर पुढे जा. कंस-संकेत दिसले तर ती थीम फुकट मिळाली तरी नको.

सुटका कशी झाली? आमच्या हेडक्लार्क भाऊसाहेबांमुळे. वेबसाइटचा गुरू शोधायचा असेल तर कार्यालयाच्या खिडकीत शोधा. 'मी पूर्वी दोन साइट केल्यात' म्हणणाऱ्या सरांकडे नको. भाऊसाहेबांना माउस धड धरता येत नाही, पण लोक फोन करून काय विचारतात ते तोंडपाठ. त्यांच्याबरोबर पाठकोऱ्या कागदांवर बसलो तेव्हा कळलं, ४६ पानं मुळात पाचच प्रकारची आहेत: मुखपृष्ठ, विभाग, लांब मजकूर (इतिहास, नियम), कागदपत्रांची यादी (आयक्यूएसी म्हणजे कॉलेजचा गुणवत्ता कक्ष, एक्यूएआर म्हणजे त्याचा वार्षिक अहवाल, समित्यांची इतिवृत्तं) आणि सूचना. पाच प्रकार, पाच टेम्पलेटं.

जुन्या पद्धतीची थीम असेल तर चाइल्ड थीम (मूळ थीमवर बेतलेली, आपले बदल वेगळे ठेवणारी थीम) करा, त्यात पीएचपी फाइल ठेवून वर टिप्पणीत टेम्पलेटचं नाव लिहा, की पान संपादताना बाजूच्या यादीत ते नाव दिसतं. मूळ थीमच्या फाइलला हात लावू नका, पुढच्या अपडेटला सगळं पुसलं जातं. नव्या पद्धतीची ब्लॉक थीम असेल (वर्डप्रेस ५.९ पासून, म्हणजे जानेवारी २०२२ पासून ही सोय आहे) तर साइट एडिटरमध्येच टेम्पलेट बनतं, पीएचपी लागत नाही. पत्ता-फोनसारखी चौकट टेम्पलेट पार्टमध्ये, म्हणजे अनेक टेम्पलेटांत वापरायच्या सामाईक तुकड्यात, ठेवा. मजकुराच्या मधेच हवी असेल तर सिंक्ड पॅटर्न, म्हणजे पानांत घालता येणारा तसाच सामाईक तुकडा. एका जागी बदललं की सगळीकडे बदलतं. मी पहिल्यांदा ते करून पाहिलं तेव्हा खरंच टाळी वाजवली, लॅबमध्ये एकटाच होतो.

अकरा दिवसांत पाच टेम्पलेटं झाली आणि एक सोडून सगळी पानं हाताने पुन्हा भरली. जमतं. तुम्हालाही जमेल.

डेमोला भुलू नका, कारण तो इंग्रजी मजकुरावर सजवलेला असतो. मथळ्याच्या अक्षरांत मोकळं अंतर टाकलेलं असतं, त्याने आपली शिरोरेषा तुटते आणि 'महाविद्यालय' सुट्या मण्यांसारखं दिसतं. ओळींतलं अंतर १.२ असलं तर वरचे रफार आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात. मी अक्षरांतलं अंतर शून्य आणि ओळींचं १.६ ठेवतो, फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी. आणि टेम्पलेट तपासताना 'हेडिंग १' असलं काहीतरी टाकू नका, तुमच्या संस्थेचं पूर्ण नाव टाका. आमचं शिक्षण प्रसारक मंडळापासून सुरू होऊन मोबाइलवर चार ओळी जातं.

पानाच्या पत्त्याबद्दलही एक. मराठी मथळा दिला की पत्ताही मराठीत बनतो. देवनागरीचं एक चिन्ह, मग ते अक्षर असो की काना-मात्रा, पत्त्यात नऊ अक्षरांची जागा खातं, आणि वर्डप्रेस पत्त्याच्या त्या तुकड्याला २००च अक्षरं देतं. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं, पुढचं छाटलं जातं. छोटा रोमन पत्ता हाताने द्या. नॅकच्या अहवालात लिंका दिल्यावर ती पानं दुसऱ्या पालक-पानाखाली हलवू नका. पत्ता बदलतो आणि अहवालातली लिंक मरते. हे मला वेळेत कळलं, नशीब.

सरकत्या पट्टीवरून प्राचार्यांशी भांडण होणारच. मी सुगम्यतेचा (अपंगांनाही साइट वापरता यावी यासाठीचा) नियम दाखवला: आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ सरकणारा मजकूर थांबवता आला पाहिजे. शेवटी पट्टी राहिली, पण थांबवायच्या बटणासकट. स्लायडर (एकामागून एक बदलणाऱ्या फोटोंची चौकट) मात्र मी काढलाच. माझ्या मते स्लायडर म्हणजे कुठला फोटो पुढे ठेवायचा हे मीटिंगमध्ये ठरलं नाही याची जाहीर कबुली.

जुन्या सांगाड्यातलं एकच पान अजून शिल्लक आहे, वनस्पतिशास्त्राचं. त्यावर गोल फिरणारं कमळ आहे आणि विभागप्रमुखांना ते फार आवडतं. ते पुढच्या मे महिन्यात निवृत्त होतायत. तोवर मी त्या पानाकडे बघतसुद्धा नाही.