लातूरच्या उन्हाळ्यात खाऱ्या पाण्याची टाकी

आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, ते समुद्री माशांच्या टाकीत नकोच. आरओच्या पाण्यात मत्स्यटाकीचं समुद्री मीठ विरघळवा, विशिष्ट गुरुत्व (खारेपणाचं माप) १.०२५ ठेवा. खडक-वाळू लावून पंप सुरू करा आणि मासा न सोडता थोडं अमोनिया घाला. माशांच्या घाणीतून होणारं हेच विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू त्यावर वाढतात, त्याला महिना-दीड महिना जातो. घाई करू नका, यात जिवांचा प्रश्न आहे. घातलेलं अमोनिया दिवसभरात संपून त्यातून बनणारं विषारी नायट्राइटही शून्य आलं, की बरंचसं पाणी बदला. आधी गोगलगायी, मग क्लाउनफिश या छोट्या माशांची जोडी. साठ लिटरला एवढंच पुरे. दुकानात निळा टँग मासा दाखवतील, तो मोठा होतो, त्याला कोंडू नका.

मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. हवा कोरडी असल्याने पाण्यावर छोटा पंखा लावला तरी तापमान उतरतं. पण पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून रोजची भर बिनमिठाच्या आरओ पाण्याचीच घाला. लाइट गेल्यावर बॅटरीवरचा एअर पंप हवाच.