आजोबांच्या दुनळीचा माग: आधी नंबर, मग नाव

जुनी बारा बोअर हातात आली की बहुतेकजण दोन नळ्यांमधल्या पट्टीवरचं नाव वाचतात आणि तिथेच निकाल लावतात. फोर्टातल्या एका परवानाधारक बंदूकवाल्याकडे वर्कशॉपमध्ये माझी नोकरी झाली. तिथे लागलेली सवय उलटी आहे: नाव शेवटी वाचायचं. नाव कुणीही कोरू शकतो. नंबर, प्रूफचे (म्हणजे नळी बाराचा दाब सोसते हे तपासल्याचे) शिक्के आणि लाकूड, तिघांनाही एकच खोटं बोलायला लावणं मात्र फार कठीण.

त्याआधी कागद. बंदूक शंभर वर्षांची आहे म्हणून परवाना लागत नाही, हा समज घराघरांत आहे आणि तो घातक आहे. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४५ मधली सूट, दुरुस्त करूनही जिच्यातून बार निघणार नाही अशाच जुन्या हत्यारासाठी आहे. चालू दुनळीला वयाची माफी नाही. परवानाधारक वारला असेल तर ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि मग वारसाहक्काचा अर्ज करा. मुंबईत तो पोलीस आयुक्तालयात जातो. तपासणीही परवानाधारकासमोरच होऊ द्या. शंभर वर्षांवरची पुरावस्तू देशाबाहेर पाठवायला बंदी आहे, त्यामुळे लंडनला विकायचा विचारही सोडा.

दुसरी विनंती, अगदी कळकळीची: पुसू नका. मुंबईच्या दमट हवेत नळीवर गंज धरतो, मग कुणीतरी पॉलिश पेपर घेऊन बसतं आणि जे वाचायचं तेच घासून टाकतं. मऊ फडक्यावर पातळ तेल, बस्स. मूळ पण झिजलेली बंदूक मला नव्याने चमकवलेल्या बंदुकीपेक्षा कितीतरी मोलाची वाटते.

आता नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करा, पुढचं लाकूड म्हणजे फोरएंड काढा, नळ्या उतरवा आणि उलट्या धरा. काडतूस बसतं त्या भागाखाली दोन सपाट जागा दिसतील. बंदुकीची जन्मपत्रिका इथे आहे. भिंग घ्या, उजेड तिरपा पाडा.

इंग्लंडमध्ये लंडन आणि बर्मिंगहॅम अशी दोन प्रूफ हाउस. बर्मिंगहॅमचं १८१३ पासूनचं. १९०४ पर्यंत त्याचा शिक्का म्हणजे मुकुटाखाली एकमेकांवर आडवे ठेवलेले राजदंड. त्यानंतर मुकुटाखाली बीव्ही, बीपी अशी अक्षरं येतात. लंडनच्या शिक्क्यात मुकुटाखाली जी आणि पी गुंफलेले असतात. ‘नॉट फॉर बॉल’ अशी अक्षरं दिसली तर नळी १८७५ ते १८८७ मधली, तोंडाशी चोक असलेली, म्हणजे किंचित अरुंद केलेली. चौकटीच्या पत्त्यासारख्या आकारात १२ आणि खाली सी असेल तर १८८७ नंतरची. चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं त्या भागाची, लांबी इंचांत लिहिलेली असेल तर तो शिक्का १९२५ किंवा त्यापुढचा, आणि दाब टनांत असेल तर १९५४ किंवा त्यापुढचा. शिक्क्यात एनपी म्हणजे बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली. तो शिक्का नसलेल्या नळीत आजचं काडतूस घालूच नका.

जुन्या बंदुकीवर नवा शिक्का दिसला की लगेच नकली म्हणू नका. पुन्हा प्रूफ करून घेण्याची पद्धत होती. जुने आणि नवे शिक्के एकत्र असतील तर तो इतिहासच आहे. उलटं मात्र संशयास्पद: पट्टीवर लंडनचा पत्ता आणि खाली लंबगोलात ईएलजी. ती बेल्जियममधल्या लिएजची नळी. नामांकित इंग्रजी नावांशी मिळतीजुळती नावं घालून तिथून ढिगाने बंदुका विकल्या गेल्या.

मग नंबर. नळ्यांवर, फोरएंडच्या लोखंडावर आणि चापाच्या कड्याच्या शेपटीवर तो एकच हवा. जोडीतली असेल तर पट्टीवर १ किंवा २ दिसतो. फोरएंडवर वेगळा नंबर म्हणजे दुसऱ्या बंदुकीचं लाकूड. आणि ‘पेटंट’ शब्दाशेजारचा आकडा बंदुकीचा नंबर नव्हे. अ‍ॅन्सन-डीली पद्धतीच्या, म्हणजे १८७५ च्या पेटंटच्या बंदुकांवर तो हमखास असतो, आणि तोच परवान्यावर चढलेला मी पाहिला आहे.

नळ्या कापल्या आहेत का, हे तोंडाशी कळतं. मूळ नळ्या तोंडाशी एकमेकींना टेकतात. कापल्या की मधे फट राहते आणि ती झाळकामाच्या डागाने भरलेली असते. नुसत्या लांबीवर जाऊ नका, कारण रॉबर्ट चर्चिलसारख्या लंडनच्या कारागिराने १९२० च्या दशकात मुद्दाम पंचवीस इंची नळ्या विकल्या. चेंबरच्या पुढे, तीनेक इंचांवर बारीक गोल रेघ दिसली तर पुढच्या नळ्या नव्या बसवल्या आहेत. डमास्कसची, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या नळीची, नागमोडी जौहर खरी की छापील, हे फोरएंडखाली बघा. खरी जौहर झाकलेल्या भागातही जाते.

स्क्रूंकडे जरूर बघा. चांगल्या कारागिराने सगळ्या खाचा नळीच्या दिशेने एका रेषेत आणलेल्या असतात. वाकड्या, कडा फुटलेल्या खाचा म्हणजे आत कुणाचा तरी अनाडी हात गेला आहे.

आता नाव वाचा. आपल्याकडे ‘मँटन’ वाचलं की लंडनचा नामांकित बंदूककार जोसेफ मँटन आठवतो. तो १८३५ ला वारला. मागून काडतूस भरायची, आत घोडे असलेली मँटन त्याची असूच शकत नाही. ती बहुधा मँटन अँड कंपनी या कलकत्त्याच्या पेढीची. पट्टीवर ‘आर्मी अँड नेव्ही’ असेल तर काळा घोड्याला जा, डेव्हिड ससून लायब्ररीच्या शेजारची ती इमारत अजून उभी आहे. हे दुकान स्वतः बंदुका घडवत नव्हतं, दुसऱ्यांकडून बनवून आपलं नाव घालायचं. त्यांची शस्त्रांची रजिस्टरं ग्लासगो विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. पत्त्यावरूनही काळ लागतो: लंडनचे बंदूककार पर्डी १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून साउथ ऑडली स्ट्रीटला गेले. हिंदुस्थानातल्या विक्रेत्याचा पत्ता असेल तर थॅकरच्या जुन्या डिरेक्टऱ्या चाळा.

पर्डी किंवा हॉलंड अँड हॉलंड असेल तर त्यांना लिहा. नंबरवरून ते जुन्या नोंदी काढून, फी घेऊन, पत्र देतात. सोबत सपाट भागाचे, पट्टीचे, नंबरचे आणि पेटीच्या आतल्या लेबलचे फोटो जोडा. घरची कथा लिहू नका. महाराजांनी भेट दिली असं आधीच कळवलं तर उत्तर त्या बाजूला झुकतं. पहिला गिऱ्हाईक कोण, नळ्या किती इंची, दस्ता (खांद्याला टेकवायचं लाकूड) किती लांब, एवढंच विचारा आणि आलेली मापं टेपने ताडून पाहा. दस्त्याची लांबी चुकली तर लाकूड बदललेलं किंवा कापलेलं आहे.

पत्रातला नंबर आणि परवान्यावरचा नंबर जुळला नाही, तर दोन्हींच्या प्रती आणि फोटो लावून परवान्यातली नोंद दुरुस्त करून घ्या, पुढच्या नूतनीकरणाची वाट न बघता.