सह्याद्रीत जीवाश्म शोधताय? या चुका टाळा

पावसाळा सरला की मुंबईतल्या ट्रेकर मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो यायला लागतात. माळशेजचं ‘डायनोसॉरचं अंडं’, कसाऱ्याजवळचं ‘हाड’, भीमाशंकरच्या वाटेवरचं ‘दगडात उमटलेलं नेचं’. यातलं जवळपास काहीच जीवाश्म नसतं. दगड हातात घेण्याआधी तो कुठल्या थरातून आला हे पाहिलं, तर निम्मे फोटो पाठवायची वेळच येणार नाही.

काळ्या कातळात शोधणं

सह्याद्रीचा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचलेला बेसाल्टचा लाव्हा. बाहेर पडताना तो हजार अंशांहून जास्त तापलेला असतो, त्यात बेडूक-पान टिकायचं कसं? जीवाश्म मिळतात ते दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळ्या-डबक्यांत साचलेल्या गाळात. असा गाळ घाटात क्वचितच दिसतो, आपल्या मुंबईत मात्र आहे. वरळीच्या शेलमध्ये, म्हणजे गाळ दबून झालेल्या पापुद्र्यांच्या दगडात, इवल्याशा बेडकांचे सांगाडे सापडले आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेनने 1847 मध्ये त्यांचं वर्णन केलं. आज त्या बेडकाला इंडोबॅट्रॅकस म्हणतात. याच मधल्या थरांत गोड्या पाण्यातलं कासवही मिळालं. त्यामुळे ‘सह्याद्री समुद्रातून वर आला, म्हणून शंख-शिंपले मिळणारच’ हे विसरा. देवघरातल्या शाळिग्रामात जो चक्राकार सागरी जीव असतो, तो नेपाळच्या काली गंडकीचा. आपल्या घाटात तो मिळायचा नाही.

उंचीवरून वय ठरवणं

ही चूक जाणकारही करतात. खालचा थर जुना, वरचा नवा हा नियम खराच, आणि घाटातल्या एखाद्या कड्यावर तो छान लागू पडतो, कारण तिथले थर जवळजवळ आडवे आहेत. कड्यात मधेच विटकरी-लाल पट्टा दिसला तर तिथे एक प्रवाह संपून दुसरा सुरू झाला असं बहुतेक वेळा समजावं. खालच्या थराची झीज होऊन झालेली माती वरच्या लाव्हाने भाजून काढलेली असते. तो जांभा नव्हे.

पण हाच हिशोब मुंबईपर्यंत ताणू नका. कळसूबाई 1646 मीटर, वरळी समुद्रसपाटीला, म्हणून वरळीचा दगड जुना? उलट आहे. पनवेलच्या आसपास थर पश्चिमेकडे वाकून समुद्राकडे कलले आहेत, त्यामुळे सर्वांत वरचे, म्हणजे नवे थर मुंबईत खाली येऊन टेकले. मुंबईचे बरेचसे खडक घाटमाथ्यापेक्षा तरुण आहेत, डायनोसॉर संपल्यानंतरचे. वरळीच्या बेडकाने डायनोसॉर पाहिलेलाच नाही.

आणखी एक. कातळाला उभी छेदून जाणारी काळी भिंत दिसली तर तिला थर म्हणून मोजू नका. तो भेगेत घुसून थिजलेला लाव्हा, म्हणजे डाइक. आजूबाजूच्या थरांपेक्षा तो नंतरचा.

नेहमीचे बहुरूपी

‘अंडं’ बहुधा झिजलेला बेसाल्ट असतो. कांद्यासारखे पापुद्रे सुटत जातात आणि आत टणक काळा गोळा उरतो. खऱ्या अंड्याला कॅल्शियमचं पातळ कवच असतं आणि ती सापडतात गुजरातच्या बालासिनोरकडे, लाव्हाच्या नव्हे तर गाळाच्या खडकात. व्हिनेगर टाकून फेस आला म्हणून हुरळू नका, बेसाल्टच्या पोकळीत साठलेलं कॅल्साइट हे खनिजही फेसाळतं.

‘हाड’ म्हणजे काळ्या दगडातल्या पांढुरक्या लांबट पट्ट्या. ते फेल्डस्पार या खनिजाचे मोठे स्फटिक, कधी काही सेंटिमीटर लांब. कसारा घाटात असा बेसाल्ट आहे आणि थरांची ओळख पटवायला भूशास्त्रज्ञांना तो फार उपयोगी पडतो. म्हणजे टाकाऊ मुळीच नाही, फक्त हाड नाही.

‘नेचं’ मँगनीजच्या ऑक्साइडचं असतं. भिंगातून बघा: शिरा नाहीत, पानाला कडा नाही, आणि नक्षी फटीच्या बाजूने पसरलेली.

मुंबई बंदरातला प्रिन्सेस डॉक खोदताना चिखलात खैराच्या झाडांचे खुंट निघाले होते. तेही दगड झालेले नव्हते, लाकूडच होतं.

सापडल्यावर

शेलचा तुकडा पाण्यात धुऊ नका, पापुद्रे फुगून सुटतात. वर्तमानपत्रात गुंडाळून सावलीत हळूहळू वाळू द्या. त्याआधी पेन किंवा नाणं ठेवून फोटो, जागा आणि वरची बाजू कुठली याची नोंद करा. संजय गांधी उद्यान किंवा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मात्र फक्त फोटो, दगड उचलायचा नाही. वरळी-दादरला टॉवरच्या पायासाठी खोदाई चालू असेल तर ट्रकमधल्या राडारोड्यात शेल दिसू शकतो. तिथे साइटवरच्या इंजिनिअरला एकच प्रश्न विचारा: हा किती खोलीवरून आला? ते कळलं नाही तर सुंदर बेडूक हाती लागूनही कुठल्या थराचा ते सांगता येणार नाही. कळलं, तर भूशास्त्र शिकवणाऱ्या कॉलेजात तुकडा नोंदीसकट दाखवा.